थंडीत बिअर आंबवताना ऊब कशी टिकवता? (तळघर १३ अंश, बिअरची घनता १.०२४ वर अडकली)

तळघरातला (मिनियापोलिस) · १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे घरी बिअर करणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून ठाऊक आहे, म्हणून थेट विचारतो.

दोन वर्षं झाली, घरी बिअर करतोय. पण आजवरच्या सगळ्या खेपा मे ते ऑक्टोबरमधल्या. भर जानेवारीत ही पहिलीच. बाहेर उणे २३, तळघरात १३ अंश. अंबर एल (उबेत आंबणारी बिअर) आहे, १९ लिटर, माल्ट एक्स्ट्रॅक्टची (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची). सुरुवातीची घनता १.०५२ (पाण्याची १.०००; साखर आंबत जाते तशी ही उतरते). यूएस-०५ यीस्टचं एक पाकीट टाकलं तेव्हा वर्ट (अजून न आंबलेलं माल्टचं गोड पाणी) १९ अंशांवर होता. दुसऱ्या दिवशी एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पाण्याची झडप) टकाटक वाजत होता, चौथ्या दिवशी एकदम शांत. आज नववा दिवस, घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०२४ दाखवतोय. चव गोडसर, मागे लोण्यासारखा वास. १.०१२ च्या आसपास उतरेल असं धरलं होतं.

आईने पाठवलेली गोधडी फर्मेंटरला (बिअर आंबवायच्या भांड्याला) दुहेरी गुंडाळली. तीन दिवसांनी आत १४ अंश. वर स्वयंपाकघरात आणावी तर दीड वर्षांची लेक दिसेल ती नळी ओढते. तुम्ही हिवाळ्यात काय करता? आणि ही खेप वाचेल का? हिच्यासाठी हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) मी स्वतः परसात वाढवले होते, जीव अडकलाय.

पाणवठा (एडिंबरा) · १२ जानेवारी, रात्री १०:१५

वाचेल. अजिबात ओतून देऊ नका.

इथे आमचं जुनं दगडी घर, ऑक्टोबर ते एप्रिल मागची खोली ११-१२ अंशांच्या वर जात नाही. मी सहा वर्षं एकच पद्धत वापरतोय. मोठा प्लॅस्टिकचा टब, त्यात फर्मेंटर उभा, आणि बिअरच्या निम्म्या उंचीपर्यंत टबात पाणी. पाण्यात माशांच्या टाकीचा १०० वॅटचा हीटर, त्यातच थर्मोस्टॅट असतो. तो २० वर लावायचा आणि विसरून जायचं. पाण्याची ऊब चहूबाजूंनी सारखी लागते, एका जागी चटका बसत नाही, आणि टब आणि बिअर मिळून पाणी इतकं होतं की रात्री घराचं हीटिंग बंद झालं तरी सकाळपर्यंत अर्धा अंशही हलत नाही.

दोन गोष्टी मात्र जिवावरच्या आहेत. हीटर पाण्याबाहेर काढायच्या आधी प्लग काढायचा आणि तो गार होऊ द्यायचा, नाहीतर काच तडकते. आणि वायरीला टबाच्या खाली झोळ द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत न जाता खालीच ठिबकतं. पाणी उडून जातं, म्हणून वरून जुना टॉवेल. उन्हाळ्यात याच टबात बर्फाच्या बाटल्या टाकल्या की गारव्याची सोय होते.

सुगरण_मावशी (टोरोंटो) · १२ जानेवारी, रात्री ११:०२

मी बिअर करत नाही, पण या देशात तीस वर्षं इडलीचं पीठ आंबवतेय, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं समजते. ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. रात्रभरात पीठ दुप्पट. माझी आजी नागपूरच्या थंडीत विरजण लावलेलं पातेलं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. तत्त्व तेच ना?

उष्मागतिक (पिट्सबर्ग) · १३ जानेवारी, सकाळी ७:२०

मावशी, तत्त्व तेच, पण तुमच्या उदाहरणातच या धाग्याचं उत्तर दडलंय. आजी विरजण *कोमट* दुधाला लावायची आणि मग तांदळात पुरायची. तांदूळ ऊब देत नाहीत, असलेली ऊब जाऊ देत नाहीत. गोधडीचंही तसंच. माणूस गोधडीत गरम राहतो कारण त्याच्या अंगात शंभरेक वॅटची शेगडी सतत पेटलेली असते. चौदा अंशांच्या बिअरला गोधडीत गुंडाळलं तर ती चौदा अंशांवरच निवांत झोपते.

तळघरातला, तुमच्याकडे काय झालं ते सांगतो. यीस्ट जोरात असतं तेव्हा स्वतःच उष्णता सोडतं. एवढ्या फर्मेंटरमध्ये बिअर खोलीपेक्षा दोन ते चार अंश वर जाते. म्हणजे पहिले तीन दिवस तुमची बिअर १७-१८ ला होती, सगळं छान. मग साखर कमी झाली, जोर ओसरला, आतली शेगडी मंदावली आणि तापमान १३-१४ कडे घसरलं. तापमान *उतरतं* तेव्हा एल यीस्ट ते झोपायची खूण समजतं, गोळे होऊन तळाशी बसतं. कायम १५ अंशांवर ठेवलं असतं तरी बहुधा सावकाश संपवलं असतं. १८ वरून १३ ला पडणं जास्त वाईट.

म्हणून पहिल्या तीन दिवसांत ऊब द्यायची घाई नको, चौथ्या दिवसापासून हवी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. सुरुवातीला कौतुकाने जपतात आणि बुडबुडे थांबले की दुर्लक्ष.

आता आकडे. १९ लिटर पाणी एक अंश तापवायला साधारण ८० किलोज्यूल लागतात. २५ वॅटचा हीट बेल्ट (फर्मेंटरला बांधायचा विजेचा गरम पट्टा) असेल तर, काहीच उष्णता वाया गेली नाही असं धरून, अंशाला ५३ मिनिटं. तुम्हाला सहा अंश चढवायचे आहेत. गळती धरून एक रात्र आणि वर थोडं. उघड्या फर्मेंटरला २५ वॅट तळघरापेक्षा पाच-सात अंश वर नेतील. आणि *आता* गोधडी कामाला येईल, कारण आत शेगडी आहे. तेवढ्याच विजेत जास्त चढेल.

विजेची भीती बाळगू नका. बेल्ट अखंड चालला तरी दिवसाला ०.६ युनिट, चौदा दिवसांत ८.४ युनिट.

हॉपसिंग (पोर्टलंड) · १३ जानेवारी, सकाळी ९:४८

उष्मागतिकांना +१. फक्त एक भर. बेल्ट आणि गोधडी एकत्र लावणार असाल तर मध्ये तापमान नियंत्रक हवाच. इंकबर्डसारखा साधा चालेल. नाहीतर सकाळी उठून २८ अंश बघाल. आणि त्याचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. फर्मेंटरच्या भिंतीला, बिअरच्या पातळीच्या खाली टेपने चिकटवा आणि वरून स्पंजचा किंवा फोमचा जाड तुकडा. म्हणजे तो खोलीचं नाही, बिअरचं तापमान वाचेल. बेल्टपासून लांब, विरुद्ध बाजूला.

काचेच्या कार्बॉयला (अरुंद तोंडाच्या मोठ्या बरणीला) मी बेल्ट लावत नाही. एका बाजूला गरम, एका बाजूला गार, काचेचा भरवसा नाही. प्लॅस्टिकच्या बादलीला खुशाल लावा, खालच्या तिसऱ्या भागात, म्हणजे गरम झालेली बिअर वर चढून आपोआप ढवळली जाते.

तळघरातला · १३ जानेवारी, दुपारी १२:३०

मंडळी, एका रात्रीत एवढं! उष्मागतिक, ते "तापमान उतरणं" माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तळघराच्या भिंतीवरचा थर्मामीटर बघत बसलो होतो. फर्मेंटर प्लॅस्टिकचाच आहे. बेल्ट आणि नियंत्रक मागवलेत, परवा येतील.

मावशी, ओव्हनच्या दिव्याची कल्पना मलाही मोहात पाडतेय, पण माझा फर्मेंटर त्यात मावत नाही.

रानहळद (मॅडिसन, विस्कॉन्सिन) · १३ जानेवारी, दुपारी १:१०

मावला असता तरी नका करू! मी लहान चार लिटरची खेप ओव्हनमध्ये ठेवली होती, दिवा लावून. नवऱ्याने पिझ्झासाठी ओव्हन २२० ला लावला. झाकण वितळून आत पडलं, घरभर जळक्या माल्टचा वास, आणि ओव्हनची जाळी दोन दिवस घासत होते. तेव्हापासून ओव्हनमध्ये काहीही आंबत असलं की बटणावर कागद चिकटवते.

दुसरं कारण बिअरपुरतं. हॉप्सना उजेड चालत नाही. उजेडाने हॉप्समधला कडू घटक फुटतो आणि गंधकयुक्त द्रव्य तयार होतं, त्याचा वास स्कंकच्या फवाऱ्यासारखा. तपकिरी बाटल्या त्याचसाठी असतात. इडलीला दिवा चालतो, बिअरला नाही. काहीजण जुन्या फ्रिजमध्ये बल्ब लावून ऊब देतात. तो बल्ब निदान पत्र्याच्या डब्यात तरी झाकावा.

सुगरण_मावशी · १३ जानेवारी, दुपारी २:०५

अगं बाई! कागद चिकटवायची सवय मात्र माझीही आहे, "आत पीठ आहे" असा मराठीत. सून पंजाबी, तिनेही ती चार अक्षरं आधी त्यासाठीच शिकली.

बर्गनकर (बर्गन, नॉर्वे) · १३ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

थंडीत ऊब कशी द्यायची याबद्दल इथल्या शेतकऱ्यांकडे शिकण्यासारखं फार आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पश्चिम नॉर्वेत शेतघरांतून पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं यीस्ट आहे, त्याला क्वाइक म्हणतात. प्रयोगशाळेतलं नाही, घरातलं. आपल्याकडे विरजण जसं शेजारून आणतात तसं. लाकडाच्या कड्यांच्या माळेवर ते वाळवून ठेवायचे, पुढच्या वेळी माळ वर्टमध्ये बुडवायची. आणि ते टाकतात ३० ते ४० अंशांना! वॉस भागातलं तर ३८-३९ ला. सामान्य एल यीस्टने त्या तापमानाला रंग उतरवल्यासारखा जहाल वास आणला असता, क्वाइक मात्र स्वच्छ राहतं, वॉसवाल्यात तर संत्र्याच्या सालीचा मंद वास येतो. दोन-तीन दिवसांत काम फत्ते.

आता गंमत बघा. उष्मागतिक म्हणतात तसं गोधडी नुसती ऊब राखते. पण ३८ अंशांच्या वर्टला, ज्यात यीस्ट पहिल्याच रात्री उसळणार आहे, गोधडी पुरेशी होते. काम संपेपर्यंत ती ऊब टिकते. बाहेर बर्फ असताना, विजेशिवाय, जाड पांघरुणं गुंडाळून बिअर आंबवता येते ती अशी. यीस्ट टाकताना जोरात आरोळी ठोकायची जुनी चालही इथे आहे. मी ठोकतो. माझी मुलगी माझ्यापेक्षा मोठ्याने ठोकते.

तळघरातला, पुढच्या जानेवारीत क्वाइक घ्या. कोरडी पाकिटं आता सगळीकडे मिळतात.

हॉपसिंग · १३ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

बर्गनकर, प्रतिसाद फार आवडला, पण सल्ला अर्धाच पटला. क्वाइक थंडीचं यीस्ट आहे अशी समजूत होऊन मी फसलोय. नॉर्वेचं म्हणून बेसमेंटमध्ये १८ अंशांवर टाकलं. दहा दिवस रेंगाळलं. ते गरम घरातलं लाडकं पोर आहे, थंडीत ते एलपेक्षा जास्त रुसतं.

बर्गनकर · १३ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

बरोबर, मान्य. तेच सांगायचं होतं, नीट लिहिलं गेलं नाही. गरम टाका, लगेच गुंडाळा, पहिला दीड दिवस उघडून बघू नका. आणि १९ लिटरपेक्षा लहान खेप असेल तर नुसत्या गोधडीवर विसंबू नका, लहान भांडं फार लवकर निवतं.

थंडीचा_दोस्त (मिलवॉकी) · १३ जानेवारी, रात्री ८:२२

माझं मत सगळ्यांपेक्षा वेगळं आहे आणि ते मी ठामपणे मांडतो. थंडीशी भांडता कशाला?

लोक गारव्यासाठी हजारभर डॉलरचे फ्रिज घेतात आणि तुम्हाला तळघर फुकट १३ अंश देतंय. लागर करा! लागरचं यीस्ट वेगळ्या जातीचंच आहे, त्याला ९ ते १३ अंश मानवतात. बव्हेरियात १५५३ सालच्या फर्मानाने उन्हाळ्यात बिअर करायला बंदी होती, सेंट मायकेलच्या सणापासून सेंट जॉर्जच्या सणापर्यंतच, म्हणजे २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल. थंडीतच बिअर चांगली होते हे त्यांना यंत्राशिवाय कळलेलं. आमचं मिलवॉकी शहर बिअरसाठी प्रसिद्ध झालं ते जर्मन लोक आणि हिवाळ्यात कापून साठवलेला बर्फ यांच्या जोरावर.

आणि एलच करायची असेल तर यीस्ट बदला. नॉटिंगहॅम १० अंशांपर्यंत काम करतं, आणि फार स्वच्छ. मी डिसेंबरात १४ ला केलेली पोर्टर बारा दिवसांत १.०१३ ला उतरली. ना बेल्ट, ना टब.

हिवाळ्यात लागर, वसंतात एल, जुलैत सेझोंचं यीस्ट, ज्याला २७-३० अंश आवडतात. आपले लोक उन्हाळ्यात पापड आणि थंडीत डिंकाचे लाडू करतात, कुणी उलटं करत नाही.

पाणवठा · १३ जानेवारी, रात्री ९:००

दोस्त, पापडाचं पटलं! पण लागर म्हटली की दुप्पट यीस्ट, दीड-दोन महिन्यांची थंड साठवण, आणि शेवटी तो लोण्यासारखा वास घालवायला ती दोन दिवस १६-१८ अंशांवर न्यावीच लागते. म्हणजे ऊब देण्यातून लागरचीही सुटका नाही.

थंडीचा_दोस्त · १३ जानेवारी, रात्री ९:१२

ते दोन दिवस मी फर्मेंटर उचलून दिवाणखान्यात ठेवतो. दोन दिवस बायको चालवून घेते. चौदा दिवस नाही घेणार.

सात्त्विक (सोलापूर) · १४ जानेवारी, सकाळी ६:५०

संक्रांतीच्या दिवशी सकाळी मंच उघडावा तर पहिलाच धागा दारूचा. माझ्या सख्ख्या काकांचा संसार दारूने संपलेला मी पाहिला आहे. इतक्या हुशार माणसांनी यावर एवढी बुद्धी खर्च करावी याचं वाईट वाटतं.

तळघरातला · १४ जानेवारी, सकाळी ८:०५

सात्त्विक, तिळगूळ घ्या. तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे आणि त्याच्यापुढे माझ्याकडे युक्तिवाद नाही. माझ्यापुरतं सांगतो. महिन्याला एक खेप, त्यातली निम्मी शेजारपाजारी जाते. मला पिण्याहून करण्यात जास्त रस आहे. एकच जव, एकच पाणी, आणि तापमान चार अंश इकडे-तिकडे झालं की वेगळीच चव. ज्या दिवशी नुसतं पिण्यासाठी करू लागेन त्या दिवशी बंद करेन. शीर्षकात विषय स्पष्ट लिहिलाय, म्हणजे नको असेल त्याला टाळता येईल.

सात्त्विक · १४ जानेवारी, सकाळी ९:३०

तुमच्या उत्तरातली सभ्यता आवडली. तिळगूळ घ्या, गोड बोला. मी या धाग्यावर पुन्हा येणार नाही, राग नाही.

पेठकर_२१ (पुणे) · १४ जानेवारी, सकाळी ११:११

मस्त धागा, वाचनखूण साठवली. पुण्यात सध्या रात्री १०-११ अंश आहे, दुपारी ३०. इथे करायची तर कुठली पद्धत? पहिल्यांदाच करणार आहे.

वकिलीण (ठाणे) · १४ जानेवारी, सकाळी ११:४०

पेठकर, थांबा. कुठलीच नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९, परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. थोडी केली, स्वतःसाठी केली, हा बचाव नाही, शिक्षेत कैद येते. इथले बिअर करणारे जिथे राहतात तिथे कायदा वेगळा आहे, हे वाचताना लक्षात असू द्या.

हॉपसिंग · १४ जानेवारी, दुपारी १२:०८

ताईंनी वेळेवर सांगितलं. अमेरिकेतही हे पूर्वी असंच होतं. दारूबंदी उठल्यावर घरगुती वाइनला सूट मिळाली, बिअरला नाही. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली तेव्हा सुटलं. प्रौढ माणसामागे वर्षाला १०० गॅलन, घरात दोन प्रौढ असतील तर २००. विकायची नाही. तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी मान्यता दिली ती थेट २०१३ मध्ये.

पाणवठा · १४ जानेवारी, दुपारी १२:३०

ब्रिटनमध्ये १९६३. तोवर घरी बिअर करायला परवाना लागायचा, अर्थमंत्री मॉडलिंग यांनी त्या वर्षीच्या बजेटमध्ये तो काढून टाकला. पेठकर, पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी आहेत. तिथे जाऊन ब्रूमास्तरांशी गप्पा मारा. टाक्या दाखवतात, तापमान विचारलं तर खूश होऊन सांगतात.

उर्राक (डिचोली, गोवा) · १४ जानेवारी, दुपारी ३:४४

अवांतर, पण राहवत नाही. आमच्याकडे काजूच्या हंगामात बोंडांचा रस दोन-तीन दिवसांत आपसूक आंबतो. बाहेरून यीस्ट नाही, काही नाही. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात ऊब शोधायची वेळच येत नाही. भट्टीचा पहिला उतारा तो उर्राक, तो पुन्हा काढला की फेणी. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आजोबा मडक्याला कान लावून सांगायचे, "अजून बोलता" किंवा "गप्प जालें". गप्प झालं म्हणजे तयार.

उष्मागतिक · १४ जानेवारी, संध्याकाळी ४:२०

किती सुंदर! पण तळघरातल्यांचं मडकं चौथ्या दिवशी गप्प झालं ते झोपेने, काम संपून नाही. कानाने हे दोन कळत नाहीत. त्यासाठी हायड्रोमीटर.

वाळकेश्वरी (लीड्स) · १४ जानेवारी, संध्याकाळी ५:५५

हा मुद्दा कुणीतरी जोरात सांगायला हवा, म्हणून माझी गोष्ट लिहिते. हसण्यावारी नेऊ नका.

चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारी. माझी पेल एल १.०२१ वर थांबली. गॅरेज १२ अंश. आठवडाभर बुडबुडा नाही, म्हटलं झालं हिचं. फेसासाठी साखर घालून बाटल्या भरल्या आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या, चाळीस बाटल्या. महिनाभर गुणी बाळासारख्या बसल्या. मग एप्रिलमध्ये चार दिवस कडक ऊन पडलं, घर २३ वर गेलं, आणि रात्री दोन वाजता पहिला आवाज. चोर आला वाटलं. मग दुसरा, तिसरा. एका बाटलीने शेजारची फोडायची, असं सुरू झालं. कपाटाच्या लाकडात दोन सेंटीमीटर काच घुसली होती. तिथे माझ्या मुलाचे बूट असतात. सकाळी तो दार उघडून खाली वाकला असता तर, या विचाराने आजही पोटात खड्डा पडतो.

नंतर हिशेब समजून घेतला. घनतेच्या दर पॉइंटमागे (०.००१ मागे) साधारण अर्धा खंड वायू; एक खंड म्हणजे लिटरभर बिअरला लिटरभर वायू. माझी बिअर नऊ पॉइंट आणखी उतरू शकत होती, म्हणजे साडेचार खंड. वर बाटलीत घातलेल्या साखरेचा आणि आधीचा मिळून अडीच. सात खंड! साध्या बिअरच्या बाटलीने तीनच्या वर सोसावं अशी अपेक्षाच नसते.

थंडीत अडकलेली बिअर मेलेली नसते. ती वसंताची वाट बघते. तळघरातला, कृपा करून, घनता तीन दिवस एकच येईपर्यंत, आणि तेही *उबेत* ठेवून, बाटल्यांना हात लावू नका.

रानहळद · १४ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

वाचून काटा आला. हा प्रतिसाद वर पिन करा ना कुणीतरी.

मोजपट्टी (ऑस्टिन) · १४ जानेवारी, रात्री ७:१५

दोन शंका, धागाकर्त्याला. हायड्रोमीटर १५.६ वर प्रमाणित आहे की २० वर? १४ अंशांच्या बिअरमध्ये फरक एखाद्या पॉइंटचाच पडेल, तेव्हा १.०२४ खरंच अडकलेली आहे. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) वापरला असता तर गोष्ट वेगळी, अल्कोहोलमुळे तो फार चढा आकडा देतो.

दुसरी शंका एक्स्ट्रॅक्टची. काही एक्स्ट्रॅक्टमध्ये न आंबणारी साखर जास्त असते, त्या बिअर १.०२० च्या आसपास अडून बसतात. तुमच्या उन्हाळ्यातल्या खेपा किती उतरायच्या?

तळघरातला · १४ जानेवारी, रात्री ८:००

हायड्रोमीटर २० वाला. याच एक्स्ट्रॅक्टची सप्टेंबरची खेप १.०१२ ला उतरली होती, म्हणजे थंडीच कारण.

वाळकेश्वरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी खरंच या शनिवारी बाटल्या भरायचं ठरवलं होतं.

तळघरातला · १७ जानेवारी, रात्री १०:२०

ताजी खबर. बेल्ट परवा संध्याकाळी लावला, सेन्सर विरुद्ध बाजूला फोमखाली, वरून गोधडी, नियंत्रक २० वर. बिअर १४ ची २० व्हायला सोळा तास लागले. फर्मेंटर हलक्या हाताने गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवलं, हवा आत जाऊ न देता. आज सकाळपासून एअरलॉक पुन्हा बोलायला लागलाय! लेकीला खाली नेऊन ऐकवला.

उष्मागतिक · १८ जानेवारी, सकाळी ७:०५

आनंद आहे, पण पेढे वाटू नका अजून. बिअर तापली की तिच्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतोच, यीस्टने काही केलं नाही तरी. १४ वरून २० ला गेल्यावर थोडे बुडबुडे फुकटचे मिळतात. तीन दिवसांनी घनता मोजा.

उलटंही होतं. रात्री तापमान पडलं की आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. म्हणून हिवाळ्यात त्यात साध्या पाण्याऐवजी व्होडका घालतात, गेली आत तरी बिघडत नाही.

तळघरातला · २१ जानेवारी, रात्री ९:१५

१.०१५. बुडबुडे फुकटचे नव्हते.

थंडीचा_दोस्त · २१ जानेवारी, रात्री ९:१८

जे बात! लोण्याचा वास?

तळघरातला · २१ जानेवारी, रात्री ९:४०

निम्म्यावर आलाय. पाणवठा म्हणतात तसं आणखी चार दिवस २० वरच ठेवतो. तो वास यीस्ट स्वतःच खाऊन संपवतं, घाईने बाटलीत कोंडला तर तसाच राहतो, असं समजलोय. बरोबर ना?

पाणवठा · २१ जानेवारी, रात्री १०:०१

अगदी बरोबर. खात्री करायची तर थोडी बिअर पेल्यात घेऊन झाका, पेला गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग गार करून वास घ्या. त्यात लोणी नसेल तर बाटलीतही येणार नाही. असेल तर दोन दिवस अजून.

तळघरातला · २८ जानेवारी, रात्री ८:३०

२५ तारखेला १.०१२, २६ ला १.०१२, आज १.०१२. गरम पेल्याची परीक्षा दोनदा पास. परसातल्या हॉप्सचा वास आता कुठे वर आलाय, गवती चहासारखा, इतके दिवस तो लोण्याखाली दबला होता. अल्कोहोल पाच टक्क्यांच्या जवळ. उद्या बाटल्या.

आता पुढचा प्रश्न. बाटल्यांत फेस धरायलाही ऊब लागणार ना? पन्नास बाटल्यांना बेल्ट कसा लावू?

वाळकेश्वरी · २८ जानेवारी, रात्री ८:४४

लागणार. १८ च्या खाली ठेवल्यात तर महिना-दीड महिना वाट बघाल. घरात सगळ्यात उबदार कपाट कुठलं? दोन आठवडे तिथे, झाकणाच्या भक्कम खोक्यांत, जमिनीवर, मुलीच्या हाताबाहेर. आणि एक बाटली प्लॅस्टिकची भरा. ती दाबून टणक लागली की बाकीच्या झाल्या समजायचं.

तळघरातला · २८ जानेवारी, रात्री ९:०५

वॉटर हीटरशेजारी एक कुलपाचं कपाट आहे, आत्ता जाऊन थर्मामीटर ठेवून आलो, २१ दाखवतोय. खोकी त्यात बसतील. गोधडी धुवायला टाकली, आईचा फोन आला की कुठेय विचारते.